देश किती अवघड, हे चुकीवरून मोजा

प्रशांत महासागरातल्या तुवालूत गुन्हेगारी नावापुरती आहे. युद्ध नाही, दंगे नाहीत, इंग्रजीत काम भागतं. तरीही एप्रिल 2025 पर्यंत त्या देशात एकही एटीएम नव्हतं. राजधानी फुनाफुतीला विमानं येतात ती मुख्यतः फिजीहून, तीही आठवड्यातून मोजकीच. जवळची रोकड संपली किंवा परतीचं विमान हुकलं, तर माणूस तिथे काही दिवस अडकून पडतो. मग या देशाला सोपा म्हणायचं की अवघड?

प्रवासाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात किंवा एका आकड्यात देऊन मोकळे होतात. देशांना पाचपैकी गुण मिळतात, नकाशे हिरवे-पिवळे-लाल रंगवले जातात, ‘नवख्यांसाठी’ आणि ‘मुरलेल्यांसाठी’ अशा याद्या निघतात. या याद्यांवर विसंबून लोक आपले पैसे, रजा आणि कधी कधी जीवही पणाला लावतात, म्हणून त्या कशा बनतात याची चिकित्सा व्हायला हवी. माझ्या मते अशी यादी प्रवाशाला भलत्याच गोष्टीची तयारी करायला लावते. देशाची अवघडाई मोजायचीच असेल, तर कुणाच्याही हातून होऊ शकेल अशी एक साधी चूक समोर ठेवावी आणि विचारावं: इथे ही चूक निस्तरायला किती दिवस, किती पैसे आणि किती जणांच्या सह्या लागतील?

याद्यांमध्ये धोका, गैरसोय आणि अवघडपणा या तीन गोष्टींची सरमिसळ होते. धुळीचा रस्ता, मोडकी बस, अंघोळीला गार पाणी ही गैरसोय झाली. ती दिसते, फोटोत येते, म्हणून तिच्याबद्दल भरभरून लिहिलं जातं. पण तिथली मोडकी बस दर तासाला सुटत असेल आणि बिघडली तर मागून येणारी दुसरी थांबून प्रवाशांना घेत असेल, तर तो प्रवास अवघड नाही, फक्त कष्टाचा आहे. उलट स्वच्छ, शांत, श्रीमंत देशात एका चुकीला माफी नसते असंही घडतं.

आइसलँडचंच पाहा. जागतिक शांतता निर्देशांकात हा देश 2008 पासून पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामुळे बहुतेक याद्यांमध्ये तो ‘अगदी सोपा’ ठरतो. प्रत्यक्षात तिथे भाड्याच्या गाडीचं दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावं लागतं, कारण वाऱ्याच्या एका झोतात दार उलटं फिरून बिजागरीतून मोडतं, आणि हे नुकसान बहुतेक वेळा साध्या विम्यात बसत नाही. वाऱ्याने उडालेली राख आणि वाळू गाडीचा रंग सोलून काढते, त्यासाठी विम्याचं वेगळं कलम लागतं. नकाशावर ‘एफ’ अक्षराने दाखवलेले डोंगराळ रस्ते उन्हाळ्यातले काही महिनेच उघडे असतात आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्ह सक्तीची आहे. त्या रस्त्यांवर पूल नसलेल्या नद्या पार कराव्या लागतात आणि पाण्यात गाडी बंद पडली तर विमा हात वर करतो. रेय्निस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर तर समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं अचानक आलेल्या मोठ्या लाटेने ओढून नेली आहेत. गुन्हेगारीचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. आणि तरीही आइसलँड अवघड देशांत मोडत नाही असंच मी म्हणेन, कारण 112 फिरवलं की मदत येते, स्वयंसेवी बचावपथकं तयारीत असतात, रस्त्यांची आणि वाऱ्याची ताजी माहिती सरकार दिवसभर देत असतं. चूक महाग पडते, पण ती निस्तरण्याची वाट ठरलेली आहे.

आता कागदपत्रांकडे. अवघडपणाचा मोठा वाटा इथेच आहे आणि त्याची मोजणीही इथेच सगळ्यात ढिसाळ होते. ‘व्हिसा सहज मिळतो’ या तीन शब्दांवर विषय संपवला जातो. खरं तर देशाचं पहिलं दार त्याच्या सीमेवर नसतं, निघण्याच्या विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर असतं. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत न्यायची जबाबदारीही तिचीच असते. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या नियमसंग्रहात पाहतो आणि तिथे जे लिहिलं असेल तेच मानतो. ‘तिकडे पोचल्यावर कुणी विचारत नाही’ हा मित्राचा अनुभव इथे कवडीमोल ठरतो. परतीचं किंवा पुढचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता, पासपोर्टातली कोरी पानं, मुदत, सगळं इथेच तपासलं जातं.

मुदतीचा घोळ विशेष लक्षात घ्यावा. इंडोनेशियासारख्या अनेक देशांत प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट आणखी सहा महिने वैध असावा लागतो. शेंगेन देशांचा, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा, नियम वेगळा आहे: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. ज्या देशांत नूतनीकरण करताना जुने उरलेले महिने नव्या पासपोर्टात जोडून देण्याची पद्धत होती, तिथल्या लोकांचा पासपोर्ट छापील तारखेनुसार वैध असूनही दहा वर्षं उलटल्यामुळे नाकारला जातो. शेंगेनमधल्या मुक्कामाची मोजणीही अशीच फसवी आहे. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस, म्हणजे रोज त्या दिवसापासून मागे 180 दिवस मोजायचे. एकदा बाहेर पडून परत आलं की मोजणी शून्यावर येते, हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं प्रवेशबंदी ओढवून घेतात.

मधल्या विमानतळाचा विचार तर जवळजवळ कुणीच करत नाही. अमेरिकेत विमान बदलायचं असेल, तर बाहेर पडायचं नसलं तरी इमिग्रेशन पार करावंच लागतं. त्यासाठी व्हिसा किंवा, व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांना, ईएसटीए ही ऑनलाइन पूर्वमंजुरी लागते. म्हणजे मध्य अमेरिकेतला एखादा देश स्वतः व्हिसा मागत नसला, तरी तिथे पोचायच्या वाटेमुळे तो अवघड होतो. पीतज्वराच्या लशीचंही तसंच. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. पण अनेक देश ते ‘तुम्ही कुठले’ यावरून मागत नाहीत, ‘तुम्ही कुठून आलात’ यावरून मागतात, आणि धोक्याच्या देशातल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलेलाही त्यात धरला जातो. मुक्काम लांबला, विमान रद्द झालं, रात्र तिथेच काढावी लागली, की पुढच्या देशात प्रमाणपत्राची मागणी उभी राहते. टोचून दहा दिवस व्हायचे असतील तर तिथे पैसे चालत नाहीत आणि विनवण्याही चालत नाहीत.

या सगळ्यात पासपोर्ट कुणाचा, हे सांगितल्याशिवाय ‘सोपा’ हा शब्द उच्चारणंसुद्धा बेजबाबदारपणाचं आहे. पासपोर्टांच्या क्रमवारीत सिंगापूर वरच्या टोकाला आणि अफगाणिस्तान तळाला असतं; दोघांपुढे असलेला देश एकच, पण दार एक नाही. पासपोर्टावर नाव कसं छापलंय, याचाही फरक पडतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर केलं की भेटीच्या व्हिसावर येणाऱ्याच्या पासपोर्टात एकच नाव असेल आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर प्रवेश मिळणार नाही. जगात कोट्यवधी लोक एकच नाव लावतात. त्यांच्यासाठी त्या दिवशी एक सोपा देश अवघड झाला, इतरांना पत्ताही लागला नाही.

पैशाच्या बाबतीत देशांमधली दरी अलीकडे वाढली आहे. एकेकाळी व्हिसा किंवा मास्टरकार्ड खिशात असलं की भागत असे. मार्च 2022 मध्ये या दोन्ही कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं; तेव्हापासून बाहेरच्या देशांत दिलेली त्यांची कार्डं तिथे चालत नाहीत. इराणमध्ये निर्बंधांमुळे ती आधीपासूनच चालत नव्हती. क्यूबात अमेरिकी बँकांची कार्डं चालत नाहीत. अशा ठिकाणी संपूर्ण प्रवासाची रोकड पहिल्या दिवशी अंगावर असावी लागते आणि ती संपली की बाहेरून पैसे मागवायची अधिकृत वाट जवळपास नसते. म्हणून हिशेब असा करावा: रोजचा खर्च गुणिले दिवस, त्यावर निदान तिसरा हिस्सा जादा, आणि त्याखेरीज देशाबाहेर पडण्याइतकी रक्कम वेगळ्या जागी. म्यानमारमध्ये डॉलरच्या नोटेवर घडी, शिक्का, शाईचा ठिपका असेल तर ती नाकारली जाते. अनेक देशांत जुन्या मालिकेच्या नोटा घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. पाकिटात दुमडलेली शंभराची नोट तिथे कागदाचा तुकडा असते. कोऱ्या नोटा कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात सपाट ठेवून न्याव्या.

इराणमध्ये आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षे नवख्यांना चकवत आली आहे. नोटेवर रियाल लिहिलेलं असतं, दुकानदार भाव तोमानमध्ये सांगतो आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. कधी भाव रियालमध्येच सांगितलेला असतो, तो तोमानमधला समजून घाईत दहापट पैसे दिले जातात. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही, समोरचा त्याच्या सवयीने बोलत असतो. पण हीच ती साधी चूक, जी कार्ड न चालणाऱ्या देशात पंधरा दिवसांची रोकड एका दुपारी खाऊन टाकू शकते. दोन अडचणी सुट्या सुट्या मोजल्या तर किरकोळ वाटतात. त्या एकमेकींत अडकल्या की देश अवघड होतो, आणि गुणांची बेरीज करणाऱ्या कोष्टकात हे कधीच दिसत नाही.

वेळ आणि पत्ता हे विषय याद्यांमध्ये ‘भाषेची अडचण’ या एका ओळीत गुंडाळले जातात. इथिओपियात दिवसाची मोजणी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते: आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे एक वाजलेला असतो. बस ‘बारा वाजता’ सुटते म्हणजे पहाटे सहाला सुटते. दिनदर्शिकाही तेरा महिन्यांची आणि ग्रेगोरियन दिनदर्शिकेपेक्षा सात-आठ वर्षं मागे. हे ठाऊक असलेल्याला काही त्रास नाही. तो तिकिटावरची वेळ ‘स्थानिक की परदेशी’ एवढं विचारतो. ठाऊक नसलेल्याची गाडी चुकते आणि काही मार्गांवर पुढची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेच असते. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता विभाग, गट आणि इमारत अशा क्रमांकांनी दिला जातो, आणि एका गटातल्या इमारतींचे क्रमांक ओळीने असतीलच असं नाही. पण तिथे वाट चुकली तर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत नकाशा काढून दाखवतात आणि दहा मिनिटांत माणूस मार्गी लागतो. लिपी अनोळखी असूनही जपान सोपा वाटतो तो यामुळेच.

चीनमध्ये अडचण वेगळ्या जागी आहे. व्यवहार फोनवर, अलीपे आणि वीचॅटवर चालतात. परदेशी कार्ड आता या ॲपना जोडता येतं, पण जोडणी आणि ओळखपडताळणी निघण्याआधी घरूनच करून घ्यावी, कारण बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते तिथे चालेल याची खात्री नसते. गूगलचे नकाशे, मेल, भाषांतर यातलं काहीच तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही. हॉटेलात उतरल्यास पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं; ओळखीच्यांच्या घरी उतरल्यास चोवीस तासांत स्वतः करावी लागते. फोन चालू असेपर्यंत हा देश अत्यंत सुरळीत आहे. तो हरवला की पैसे, नकाशा, तिकीट आणि भाषा एकदमच जातात. चीनला गुण देणाऱ्याने फोन असताना आणि नसताना असे दोन वेगळे गुण द्यायला हवेत.

आरोग्याच्या बाबतीत ‘पाणी उकळून प्या’ या सल्ल्यापलीकडे जाणारे फार थोडे. बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ सुमारे 4,060 मीटर उंचीवर आहे, ल्हासा 3,650 मीटरवर. समुद्रसपाटीवरून विमानाने थेट तिथे उतरणं म्हणजे शरीराला जुळवून घ्यायला एकही रात्र न देणं. डोंगरातला रूढ नियम असा की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विमान हा नियम एका दुपारी मोडतं. डोकेदुखी, मळमळ वाढत चालली, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागू लागली, तर उपाय एकच: लगेच खाली उतरणं. म्हणून उंचावरच्या देशाची अवघडाई ठरवताना तिथून रात्री दोन वाजता हजार मीटर खाली जायला वाहन आणि रस्ता आहे का, एवढंच पाहावं. कुत्रा किंवा माकड चावल्यावरही असाच हिशेब करावा. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची हे कुठेही जमतं, पण रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, अनेक देशांत राजधानीतसुद्धा मिळत नाही. आधीच लस घेऊन गेलेल्याला ते लागत नाही. त्याला लशीचे दोन डोस पुरतात. एकाच देशात एकाचा प्रवास चालू राहतो, दुसऱ्याला विमानाने देशाबाहेर जावं लागतं. फरक देशात नव्हता, निघण्याआधीच्या महिन्यात होता.

औषधांच्या पिशवीने तर सज्जन माणसं अडचणीत येतात. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं आणि ॲम्फेटामाइनवर्गातली उत्तेजक औषधं निव्वळ डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालत नाहीत. चिठ्ठीवरची साधी औषधंसुद्धा एका महिन्यापेक्षा जास्त न्यायची असतील, तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाची परवानगी आधीच काढावी लागते. अमिरातीत अनेक वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांसाठी पूर्वपरवानगी आहे. इजिप्तमध्ये ट्रामाडॉल हे वेदनाशामक नेणाऱ्याला तुरुंगवास भोगावा लागला आहे. यातला एकही देश ‘अवघड’ म्हणून ओळखला जात नाही.

रस्ते आणि सीमांबद्दल थोडक्यात. नकाशावर जवळ दिसणारी दोन ठिकाणं जोडलेली असतीलच असं नाही. पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी आणि दुसरं मोठं शहर ले यांना जोडणारा रस्ताच नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे शंभर किलोमीटर जंगल आहे, रस्ता नाही. अल्जीरिया आणि मोरोक्कोची भूसीमा 1994 पासून बंद आहे. अझरबैजानने 2020 मध्ये जमिनीवरून प्रवेश बंद केला आणि पुढची कित्येक वर्षं तो बंदच ठेवला. जॉर्जियापर्यंत पोचलेल्या कित्येकांना तिथून पुढे विमान पकडावं लागलं. जॉर्जियाचा स्वतःचा कायदा असा की त्याच्यापासून फुटलेल्या अबखाझिया किंवा दक्षिण ओसेशियात रशियाच्या बाजूने शिरणं बेकायदेशीर आहे. तसा शिक्का घेऊन नंतर जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला गेलेल्यावर कारवाई होऊ शकते. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना कोणत्या करारानुसारचा आहे ते पाहा. जपान फक्त 1949 च्या जिनिव्हा करारानुसारचा परवाना मानतो. 1968 च्या व्हिएन्ना करारानुसारचा दाखवला तर भाड्याची गाडी मिळत नाही, आणि चालवलीच तर तो विनापरवाना गुन्हा ठरतो.

याशिवाय एका देशाची सहल दुसऱ्या देशाचं दार बंद करते. व्हिसामाफीच्या योजनेत बसणारा माणूस 12 जानेवारी 2021 नंतर क्यूबात किंवा 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया, सुदानसारख्या देशांत जाऊन आला असेल, तर त्याला अमेरिकेसाठी ईएसटीए मिळत नाही. दूतावासात रीतसर व्हिसाची मुलाखत द्यावी लागते. क्यूबातल्या आठवड्याचा हा खर्च पुढे कित्येक वर्षं भरावा लागतो. तो क्यूबाच्या गुणपत्रिकेत कुठे लिहायचा?

आता सरकारी सल्ल्यांबद्दल. अमेरिकेने जानेवारी 2018 पासून चार पातळ्यांची पद्धत आणली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाही चार पातळ्या वापरतात, ब्रिटन ‘अत्यावश्यक असेल तरच’ आणि ‘अजिबात नको’ अशी विभागणी करतं. हे सल्ले थोतांड आहेत, राजकारणाने रंगलेले आहेत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. बहुतेक प्रवासविमे या पातळ्यांना बांधलेले असतात. ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात पाय मोडला तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते, आणि गंभीर रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च सहज हजारो डॉलरच्या घरात जातो. म्हणून तो सल्ला पटो न पटो, निघायच्या दिवशी तो काय होता याची प्रत जवळ ठेवणं भाग आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हा सल्ला प्रत्येक सरकार स्वतःच्या नागरिकांसाठी लिहितं आणि तो धोक्याबद्दल असतो, अवघडपणाबद्दल नाही. दुसऱ्या देशाच्या नागरिकाने तो उचलून स्वतःला लावला की दोन्ही बाजूंनी चूक होते. शिवाय वाचणारे ठळक पातळी पाहून थांबतात. खाली कोणता जिल्हा, सीमेपासून किती किलोमीटर, कोणता रस्ता रात्री टाळा, हे तपशील असतात आणि खरी उपयुक्त माहिती तीच असते. एका कोपऱ्यातल्या चकमकीमुळे अख्खा देश लाल रंगतो, हजार किलोमीटरवरच्या गावातला गाइड आणि खानावळवाला मोसमभर रिकामा बसतो. हे नुकसान आळसातून होतं, आणि टाळता येतं.

दुसऱ्या टोकाला आहेत जाऊन आलेल्यांच्या हकिकती. ‘मी गेलो, काही झालं नाही, उगाच घाबरवतात.’ ज्यांचं सगळं सुरळीत झालं त्यांना लिहायला उसंत आणि उत्साह असतो. ज्यांना अटक झाली, जे आजारी पडून अर्ध्यात परतले, ज्यांना काउंटरवरूनच घरी जावं लागलं, ते क्वचितच लिहितात. आणि लिहिणारा कोण हेही पाहावं लागतं. समलिंगी संबंध साठहून अधिक देशांत गुन्हा आहेत. दुहेरी नागरिकाला त्याचा मूळ देश पूर्णपणे आपलाच नागरिक मानून दुसऱ्या देशाच्या वकिलातीला भेटू देत नाही, असं इराणमध्ये घडलेलं आहे. वाणिज्यदूतांबद्दलच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाने मिळणारी वकिलातीची भेट अशा वेळी कागदावर राहते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला लिफ्ट बंद असलेलं एक स्टेशन पुरेसं होतं. एकट्या बाईला रात्री अकराला पोचणारी बस आणि दुपारी चारला पोचणारी बस या दोन वेगळ्या प्रवासांसारख्या असतात. जाऊन आलेल्या तरुण, धडधाकट पुरुषाचं ‘सोपं आहे’ हे खरं असतं, पण फक्त त्याच्यापुरतं.

म्हणून मी सुचवतो ती पद्धत अशी. देश निवडला की कागद घ्यावा आणि चार प्रसंग लिहावेत: पासपोर्ट हरवला, फोन आणि कार्ड एकाच वेळी गेलं, मोठ्या शहरापासून दूर असताना रात्री खूप ताप भरला, शेवटचं वाहन चुकलं. प्रत्येकाखाली पहिल्या तासात काय, पहिल्या दिवशी काय, आणि पूर्ववत व्हायला किती दिवस, हे शोधून भरावं. ही माहिती मिळते. ज्या रकान्यात ती मिळतच नाही, तिथे तो देश तुमच्यासाठी अवघड आहे.

पासपोर्टाचं उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लोकांना वाटतं की वकिलातीत गेलं की नवा पासपोर्ट मिळतो आणि प्रश्न मिटतो. आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी लागते. काही ठिकाणी ती ज्या हद्दीत हरवला तिथेच नोंदवतात, म्हणजे मागे जावं लागतं. मग वकिलात, ती त्या देशात असेल तर. नसेल तर शेजारच्या देशातली, आणि तिथे जायला पासपोर्ट लागतो. हा पेच सोडवायला मानद वाणिज्यदूत किंवा दुसऱ्या मित्रदेशाची वकिलात मदत करते का, ते आधी पाहून ठेवायचं. आपत्कालीन प्रवासपत्र मिळालं तरी त्यावर त्या देशात शिरल्याचा शिक्का नसतो. चीन आणि व्हिएतनामसारख्या देशांत त्यामुळे बाहेर पडण्यासाठी इमिग्रेशन कार्यालयातून नवा व्हिसा किंवा निर्गमन परवाना काढावा लागतो आणि त्याला काही कामाचे दिवस जातात. मध्ये मोठी सुट्टी आली की दिवस दुप्पट. तोवर मूळ व्हिसा संपला तर मुदतबाह्य मुक्कामाचा दंड सुरू: थायलंडमध्ये रोज 500 बाथ, जास्तीत जास्त 20,000, इंडोनेशियात रोज दहा लाख रुपिया. शेवटी, परतीच्या वाटेवरचा मधला देश ते आपत्कालीन पत्र मानतो का, हा प्रश्न उरतोच. अनेक देश व्हिसामुक्त प्रवेशासाठी ते मानत नाहीत, म्हणून थेट विमानाचं नवं तिकीट घ्यावं लागतं. पासपोर्टाच्या पहिल्या पानाची, व्हिसाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत वेगळ्या ठिकाणी असेल तर यातले काही दिवस वाचतात. प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि परवान्याच्या खिडकीवर नेमका तोच मागितला जातो.

या मोजपट्टीवर देशांचे क्रम पार बदलतात. भूतान महाग आहे: भारताखेरीज बहुतेक पर्यटकांना सप्टेंबर 2023 पासून दर रात्री 100 डॉलर शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, आणि पारो-थिम्फूच्या पलीकडे जायला गाइड लागतो. स्वातंत्र्य आवडणाऱ्याला हे जाचक वाटेल. पण चारही प्रसंगांत पहिल्या तासाला काय करायचं हे माहीत असलेला, भाषा जाणणारा माणूस शेजारी उभा असतो, म्हणून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्यासाठी तो देश सोप्यांत मोडतो. खर्च आणि अवघडपणा यांची गल्लत इथे थांबवायला हवी.

आणि प्रत्येक मूल्यमापनावर तारीख हवी. सौदी अरेबियात सप्टेंबर 2019 पर्यंत निव्वळ पर्यटनासाठी जाणं जवळपास अशक्य होतं. त्या महिन्यात 49 देशांच्या नागरिकांसाठी ऑनलाइन व्हिसा सुरू झाला. ऑगस्ट 2019 मध्ये लिहिलेला सल्ला ऑक्टोबरात चुकीचा होता. वर्षाखेरीज महिनाही हवा: अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि कॅरिबियनमधलं जे बेट फेब्रुवारीत मुलांना घेऊन जाण्याजोगं आहे, तिथला विमानतळ सप्टेंबरात आठवडाभर बंद राहू शकतो. देशांची यादी छापणाऱ्याने प्रत्येक नावापुढे एवढं तरी लिहावं: कोणत्या पासपोर्टासाठी, कोणत्या महिन्यात, कोणत्या तारखेची माहिती, आणि शेवटचं वाहन चुकलं तर पुढचं किती तासांनी. स्वित्झर्लंडपुढे बऱ्याच मार्गांवर ‘एक तास’ असं येईल. तुवालूपुढे दिवस लिहावे लागतील, आणि तिथे जाणाऱ्याने फिजीहून घरी परतायचं लांब पल्ल्याचं विमान त्याच दिवशीचं न घेता निदान पुढची एक फेरी येऊन जाईल इतकं अंतर ठेवून घ्यावं.